लाल गाडीच्या इंजिनाचे दुसरे आयुष्य

मित्रांनो, ब्रह्मपुरीत वडसा रस्त्याला लागून एक घर आहे. घरामागे टिनाची शेड आहे आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली एक लाल, बुटकी, दोनच माणसे मावतील अशी गाडी उभी असते. त्या गाडीच्या बॉनेटखालचे मी एक जुने इंजिन आहे. गल्लीतली मुले ताडपत्री उचलून गाडीकडे पाहतात, काचेला नाक लावून आत काय आहे ते बघतात आणि विचारतात, "ही किती पळते?" माझ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पळताना गाडी दिसते, इंजिन दिसत नाही. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझे भाग वेगवेगळ्या हातांनी घडवले आणि मग एकत्र जोडले. गाडीत बसवण्याआधी मला एका बंद खोलीत लोखंडी चौकटीवर ठेवून सुरू केले. चाके नाहीत, रस्ता नाही, नुसता आवाज. त्या पहिल्या दिवशीच मला एक गोष्ट कळली. माझ्या पोटात पोलाद पोलादाजवळून फिरते, पण ते एकमेकांना लागत नाही, कारण त्यांच्यामध्ये केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. त्या थरावरच माझे सगळे आयुष्य तरंगत असते. तो थर आहे तोवर मी आहे.

माझे पहिले मालक नागपूरचे अजय नावाचे बांधकाम व्यावसायिक होते. ते वाईट मनुष्य नव्हते. मी घरी आले त्या दिवशी त्यांनी गाडीला हार घातला, शेजाऱ्यांना बोलावून बॉनेट उघडून दाखवले, रुमालाने आरशावरची धूळ पुसली. पण नागपूरच्या रस्त्यांवर माझ्यासारख्याला धावायला जागा कुठे? सिग्नल, रिक्षा, मोकाट गायी, दर चौकात गतिरोधक. मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच घुटमळत राही. मग एकदा मित्रांच्या सांगण्यावरून अजयबाबू मला दक्षिणेकडच्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर घेऊन गेले.

खरे सांगते, मला तो ट्रॅक फार आवडला. समोरून ट्रक येत नाही, आडवे कोणी येत नाही. गुळगुळीत काळा रस्ता वळत वळत पुन्हा आपल्यापाशीच येतो. तिथे माझा काटा पहिल्यांदा लाल पट्ट्याजवळ पोचला आणि मला वाटले, याच कामासाठी आपण जन्मलो.

पण त्या आनंदाची किंमत माझ्या अंगातून जात होती. रस्त्यावर इंजिनाला क्षणभर जोर लावावा लागतो, मग विसावा मिळतो. ट्रॅकवर विसावा नसतो. तेल इतके तापते की ते पाण्यासारखे पातळ होते. लांबलचक वळणावर गाडी जोरात वळली की चेंबरमधले, म्हणजे माझ्या तळाच्या भांड्यातले, सगळे तेल एका बाजूला धावते. तेव्हा तळाशी बसलेल्या पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येते. तो पातळ थर क्षणभर नाहीसा होतो आणि पोलाद पोलादाला घासते. माणसाला हे दिसत नाही. डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, तेवढेच.

अजयबाबू त्या दिव्याकडे पाहत नसत. सकाळी मी गार असतानाच ते पूर्ण जोर लावत. फेऱ्या संपवून आल्यावर मी आतून उकळत असे, आणि ते त्याच क्षणी किल्ली फिरवून मित्रांकडे निघून जात. मला गार करणारे पाणी जागच्या जागी थांबे, तापलेले तेल भागांना चिकटून जळे. घरी आल्यावर मी कित्येक महिने कव्हरखाली उभे राही. तेल बदलायची आठवण कोणी केली तर ते म्हणत, "अरे, गाडी चालली कुठे आहे? किलोमीटर बघ ना किती कमी आहेत." किलोमीटर खरेच कमी होते. पण ते कसे झाले, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

अशाच एका फेरीत माझ्या पोटातून टकटक असा आवाज येऊ लागला. अजयबाबूंनी तो ऐकला. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "काहीतरी वाजतंय रे." ते म्हणाले, "एक फेरी करू, मग बघू." ती फेरी पुरी झाली नाही. क्रँकशाफ्टला, म्हणजे माझ्या पोटातल्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवणारे एक बेअरिंग घासून घासून जागेवरून सरकले आणि मी त्या लांबलचक उजव्या वळणावर अडकून बंद पडले.

त्यानंतर नागपुरातल्या एका गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात मी पडून राहिले. गाडीच्या छतावर जुने टायर रचले गेले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या आणून घर केले. अजयबाबू सुरुवातीला फोन करत, पुढे तेही थांबले. धावण्याने मी मेले नाही, मित्रांनो. पण त्या कोपऱ्यात मला वाटू लागले होते की आता मरण आलेच आहे.

एके दिवशी त्या गॅरेजमध्ये एक मुलगी आली. तिचे नाव नूतन खोब्रागडे. चंद्रपूरजवळच्या कोळशाच्या खाणीत घराएवढे उंच डंपर चालतात ना, त्यांच्या देखभालीची ती इंजिनिअर. स्वतःच्या साध्या गाडीचा एक सुटा भाग शोधत ती मागच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि टायरांखाली दबलेला लाल रंग पाहून थांबली.

"याचं इंजिन गेलं आहे, मॅडम," गॅरेजवाला म्हणाला. "भंगार समजा."

नूतनने टायर बाजूला केले आणि बॉनेट उघडले. उंदीर पळाला. ती वाकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"गेलं म्हणजे कुठी गेलं?" ती म्हणाली. "इथीच तं हाय."

अजयबाबूंनी गाडी भंगाराच्या भावात तिला विकली, आणि असे मी ब्रह्मपुरीला आले.

नूतनची आई सीताबाई अंगणात उभ्या राहून ट्रकवरून उतरणारी गाडी पाहत होत्या. गाडीभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "नूतन, ही गाडी आनली खरी, पन आपन तिघं जनं. ह्याच्यात दोघंच मावते. तिसऱ्यानं काय टपावर बसाचं?"

नूतन हसली. सीताबाईही हसल्या. तिसरे माणूस मात्र हसले नाही. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांची खुर्ची रस्त्याकडे पाठ करून ठेवलेली होती. ते नूतनचे बाबा, देवाजी.

देवाजी एसटीचे ड्रायव्हर होते. ब्रह्मपुरीहून गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्यापर्यंत त्यांनी वर्षानुवर्षे गाडी नेली. दसरू मडावी नावाचे कंडक्टर बहुतेक वेळा त्यांच्यासोबत असत. दोघांची जोडी त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आलापल्लीच्या पुढे, जंगलाच्या रस्त्यावर, संध्याकाळी एक चितळ उडी मारून गाडीसमोर आले. देवाजींनी ब्रेक दाबला, गाडी वळवली. गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. प्रवाशांना मुका मार लागला. पण दसरू तिकिटे देत उभे होते, ते समोरच्या दांड्यावर जाऊन आदळले आणि त्यांचा गुडघा कायमचा निकामी झाला. चौकशी झाली. ड्रायव्हरची चूक नाही असे ठरले. देवाजी निवृत्त झाले, आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याच गाडीचे स्टिअरिंग हातात धरले नाही. दसरूंच्या गावालाही ते कधी गेले नाहीत. बाजारात जायचे तर पायी जात.

हे सगळे मला सीताबाईंच्या बोलण्यातून समजले. चहा घेऊन त्या शेडमध्ये येत आणि नूतन माझे नट खोलत असताना जुन्या गोष्टी बोलत बसत.

नूतन सुटीच्या दिवशी चंद्रपूरहून येई आणि मला खोलत बसे. घाई करत नसे. देवाजी शेडच्या दारापर्यंत येत, पाहत आणि परत जात. एके दुपारी नूतनने ते सरकलेले बेअरिंग बाहेर काढले. त्याची चकाकी जाऊन ते काळे, ओरखड्यांनी भरलेले झाले होते. देवाजी दारातून आत आले आणि त्यांनी ते तिच्या हातातून घेतले.

"उपाशी मेलं हे," ते म्हणाले. "तेल नाई भेटलं याले."

"हो बाबा. वळनावर तेल एका अंगाले पळते, पंपाले हवा लागते. एका दिवसाचं नाई हे. बरेच दिवस होऊन राह्यलं असन."

"अन् चालवनाऱ्याले समजलं नाई?"

"समजलं असन. थांबला नसन."

 देवाजींनी ते बेअरिंग अंगठ्याने पुसले, खाली ठेवले आणि रॉकेलचा डबा जवळ ओढून माझे नट-बोल्ट धुवायला बसले. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. नूतन नसली तरी येत. माझा एकेक भाग धुऊन, पुसून, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ओळीत मांडून ठेवत. मांडायला जागा कमी पडली तेव्हा त्यांनी घरातून स्टीलची ताटे आणली.

"माया ताटात पिस्टन ठेवून राह्यले का जी तुमी?" सीताबाई दारातून ओरडल्या.

"जेवनाचीच ताटं हायत न," देवाजी म्हणाले. "हे बी उपाशीच हाय."

अपघातानंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला विनोद असावा. सीताबाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग आणखी दोन ताटे आणून दिली.

क्रँकशाफ्ट नागपूरला पाठवून घासून नीट करून आणला. नवी बेअरिंगे आली. चेंबरमध्ये नूतनने पत्र्याचे आडवे पडदे बसवून घेतले, म्हणजे वळणावर तेल एका बाजूला पळणार नाही. ज्या सकाळी मला पुन्हा सुरू करायचे होते त्या सकाळी तिने किल्ली देवाजींपुढे धरली. त्यांनी मान हलवली.

"तूच कर. पन लगेच रेस नको देजो. तापू दे त्याले आपल्या मनानं."

तिने किल्ली फिरवली. मी एकदा धडपडले, दोनदा, आणि सुरू झाले. तेल माझ्या प्रत्येक वाटेने हळूहळू पोचत होते आणि ते पोचत असताना कोणीही मला घाई केली नाही. असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. सीताबाईंनी पदराने डोळे पुसले. धुरामुळे, असे त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस शांत होते. नूतन मला नागभीडकडे, कधी मूल गावच्या रस्त्याने नेई. दोन्ही बाजूंनी सागाचे जंगल, मध्येच धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, रस्ता ओलांडणारी वानरे. जंगलाच्या पट्ट्यात ती मला हळू चालवी. देवाजी शेजारच्या सीटवर बसत. जनावर दिसले की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई, जणू तिथे ब्रेक आहे. परत आल्यावर नूतन दर वेळी किल्ली त्यांच्यापुढे धरी, आणि दर वेळी ते दार उघडून निमूट उतरून जात. हळू चालण्यात मला सुख होते, पण एक सांगते, नुसते हळू चालणेही आम्हाला मानवत नाही. आत काजळी साचते. अधूनमधून मोकळ्या, सुरक्षित जागी पोटभर श्वास घ्यावा लागतो. नूतनला हे माहीत होते. म्हणून तिने दक्षिणेकडच्या त्याच ट्रॅकवर होणाऱ्या एका स्पर्धेत नाव दिले. तिथे एकेका गाडीने स्वतंत्र धावायचे आणि फेरीची वेळ मोजायची. संध्याकाळी स्पर्धकांच्या घरच्या लोकांना दोन-चार फेऱ्या मारायची मुभा होती.

"बाबा, तुमी बी चला," ती म्हणाली.

"मी येतो. पाहाले येतो."

निघायच्या आधी सीताबाईंनी नूतनला शेडमध्ये गाठले. "चंद्रपूरवरून नको जाऊ. सिरोंच्यावरून जाय. दसरूभाऊचं गाव रस्त्यातच हाय."

"बाबा रागावन."

"रागावू दे. नुसतं बसून राहन्यापेक्षा रागावलेला बरा."

गाडी टेम्पोवर चढवून, दोर बांधून आम्ही निघालो. टेम्पो नूतनच चालवत होती. सिरोंच्याच्या रस्त्याला मी स्वतः धावले असते तर पहिल्याच खड्ड्यात माझे चेंबर फुटले असते. आलापल्लीच्या पुढे टेम्पो एका लहान रस्त्याला वळला. पुढच्या केबिनमध्ये देवाजी वळून मागे सुटलेल्या मोठ्या रस्त्याकडे पाहू लागले.

"इकडून कुठी?" देवाजी म्हणाले.

"आईनं सांगतलं," नूतन म्हणाली.

दसरू मडावी अंगणात मोहफुले वाळत घालत होते. काठी टेकत ते टेम्पोजवळ आले. डावा पाय सरळ राहत होता, वाकत नव्हता. देवाजी खाली उतरले, पण टेम्पोचे दार त्यांनी हातातून सोडले नाही.

"जयभीम, देवाजी भाऊ," दसरू म्हणाले.

"जय सेवा," देवाजी म्हणाले. जुन्या सवयीने प्रत्येकाने दुसऱ्याच्या समाजाचा नमस्कार केला, एवढेच. त्यांची नजर दसरूंच्या गुडघ्यावर गेली आणि तिथून हलेना.

दसरूंची बायको सुकरी पाणी घेऊन आल्या. दसरू काठीने टेम्पोवरच्या गाडीकडे दाखवून म्हणाले, "हे काय जी? खेळना हाय का?"

"शर्यतीची गाडी हाय, काका," नूतन म्हणाली. "आमी शर्यतीले चाललो."

"अन् चालवनार कोन? भाऊ?"

"मी," नूतन म्हणाली.

दसरूंनी देवाजींकडे एकदा नीट पाहिले. मग ते घराकडे वळून म्हणाले, "सुकरी, माया सदरा काढ धुतलेला. मी बी चाललो." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत काठी केबिनमध्ये टाकून ते वर चढू लागले. देवाजींनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर घेतले.

गोदावरी ओलांडून आम्ही पुढे गेलो. वाटेत दोघे म्हातारे रस्त्याविषयी बोलले, सागाविषयी बोलले, बंद झालेल्या थांब्यांविषयी बोलले. अपघाताविषयी बोलले नाहीत.

ट्रॅकवर तीच काळी वळणे होती. पण या वेळी सगळे वेगळे होते. नूतनने सकाळी मला आधी सावकाश दोन फेऱ्या दिल्या, तेल गरम होईपर्यंत. मग तिने जोर लावला. मी ओरडले, मित्रांनो, आनंदाने ओरडले. फेऱ्या झाल्या की ती शेवटची फेरी हलक्या पायाने करी, आत येई आणि किल्ली लगेच फिरवत नसे. पंखा फिरत राही, पाणी फिरत राही, माझा ताप उतरत जाई. मग ती तेलाची पट्टी काढून पाही. दुपारपर्यंत फळ्यावर तिचे नाव दुसऱ्या जागी होते, आणि पहिल्या नावापेक्षा तिची वेळ फक्त निमिषभर जास्त होती.

शेवटच्या फेरीला ऊन फार कडक होते. रस्ताच तापला होता. आम्ही सुरुवात केली तेव्हाच मला कळले की ही फेरी आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगवान होणार. पहिली वळणे सुंदर गेली. मग ते लांबलचक उजवे वळण आले, माझे जुने ओळखीचे. पत्र्याचे पडदे असूनही तेल तापून फार पातळ झाले होते आणि थोडे कमीही झाले होते. पंपाच्या तोंडाशी एक बुडबुडा आला. लाल दिवा लुकलुकला. एकदाच.

पुढे फक्त सरळ रस्ता आणि दोन वळणे उरली होती. नूतनने दिवा पाहिला. मी वाट पाहत होते. मागच्या वेळी "एक फेरी करू, मग बघू" असे ठरले होते, ते मी विसरले नव्हते.

तिने पाय उचलला. गाडी कडेला घेतली, हलक्या गतीने फेरी पुरी केली आणि ती आत आली.

देवाजी आणि दसरू कठड्याजवळ उभे होते. "काऊन सोडलं बेटी?" दसरू कळवळून म्हणाले. "तुयाच नंबर लागत होता न!"

नूतनने हेल्मेट काढले. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तो उन्हाने नव्हे. जिंकायची इच्छा तिला होती, फार होती. दोन घोट पाणी पिऊन ती म्हणाली, "दिवा लागला, काका. आनखी एक वळन खेचलं असतं तं नंबर भेटला असता, इंजिन गेलं असतं." मग हळूच म्हणाली, "अन् बाबाचा राऊंड बाकी हाय."

देवाजींनी मान खाली घातली.

उन्हे कलली. तिने मला पुरते गार होऊ दिले, तेल भरले. कर्ण्यावरून घरच्या लोकांना बोलावणे झाले. गाड्या एकेक करून सुटू लागल्या. नूतनने किल्ली लावून ठेवली आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली.  देवाजी जागचे हलले नाहीत.

मग काठीचा आवाज आला. दसरू एकटेच गाडीकडे चालत आले. डावीकडचे दार उघडून, न वाकणारा पाय आधी आत घालून, कसेबसे ते त्या बुटक्या सीटवर बसले. काठी दोन सीटांच्या मध्ये उभी केली. पट्टा ओढून लावला. आणि बोटाच्या गाठीने त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा वाजवले.

"टिंग टिंग," ते म्हणाले. "चला भाऊ. टाइम झाला."

कंडक्टरच्या दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. देवाजींनी नोकरीत त्या हजारदा ऐकल्या असतील. ते पाहत राहिले. दसरूंनी पुन्हा वाजवले. तेव्हा देवाजी चालत आले, उजवे दार उघडून आत बसले, आरसा नीट केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग त्यांनी किल्ली फिरवली. मी सुरू झाले, आणि तेल गरम होईपर्यंत ते तसेच थांबले.

पहिली फेरी त्यांनी बसच्या चालीने केली. इतर गाड्या भुर्रकन निघून गेल्या, त्यांनी जाऊ दिल्या. दुसऱ्या फेरीत स्टिअरिंगवरची त्यांची पकड सैल झाली. तिसऱ्या फेरीत सरळ रस्ता आला तेव्हा त्यांनी माझा आवाज क्षणभर ऐकला आणि पाय खाली दाबला. गाडी पुढे झेपावली.

"अरे बापा!" दसरू ओरडले आणि खदखदून हसू लागले. देवाजीही हसले. ज्या लांब वळणावर मी एकदा बंद पडले होते, त्या वळणाआधी त्यांनी वेळेवर वेग कमी केला, गाडी अलगद वळवली आणि पुढे काढली. त्या दिवशीची ती सगळ्यांत संथ फेरी असेल. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली फेरी होती.

आत आल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. "थोडा दम घेऊ दे याले," ते म्हणाले. पंखा घरघरत राहिला. दोघे बसून राहिले.

"दसरू," देवाजी समोर पाहत म्हणाले, "तुया गुडघा मायामुळं गेला."

"नाई जी."

"मी वळवाले नोको होतं. सरळ जाऊ द्याले पायजे होतं."

दसरूंनी सीटांमधली काठी हातात घेतली. "भाऊ, त्या दिवशी गाडी लेट होती. मीच तुमाले म्हटलं होतं, जरा खेचा, सिरोंच्याचे लोकं वाट पाहून राह्यले. आठवते का? मले वाटलं, त्याचाच तुमाले राग हाय. म्हनून तुमी येत नाई."

देवाजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. "तू म्हटलं होतं? मले तं आठवत बी नाई."

"अन् मी इतके वर्षं तेच आठवून राह्यलो."

देवाजींनी स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि दसरूंच्या त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर ठेवला. दसरूंनी तो काढला नाही. माझा ताप उतरत होता. पंखा आपोआप बंद झाला. मग देवाजींनी किल्ली फिरवली.

ब्रह्मपुरीला परतल्यावर नूतनने माझे तेल काढले. ते थोडेसे बोटांवर घेऊन तिने उन्हात धरले. त्यात बारीक चमकते कण होते.

"झीज हाय," ती बाबांना म्हणाली. "कितीही जपलं तरी ट्रॅक आपलं घेतेच."

हे खरे आहे, मित्रांनो. साध्या रस्त्यावर महिनोन्महिने जेवढी झीज होत नाही, तेवढी तिथे एका दिवसात होते. गार अंगाने पळवले, दिवा दिसूनही रेटले, मग तापलेलेच टाकून दिले, तर ती झीज मरण होऊन येते. नीट जपले तर ती फक्त म्हातारपण होऊन येते. मला म्हातारपण आले आहे. नूतन आता मला वेळेच्या शर्यतीत उतरवत नाही. तिने दुसरी, साधी गाडी स्पर्धेसाठी तयार केली आहे, आणि गेल्या खेपेला तिचा पहिला नंबर आला. रविवारी सकाळी ती किंवा देवाजी मला वैनगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणतात.

देवाजी आता घरची गाडी घेऊन एखाद्या वेळी आलापल्लीकडे जातात. येताना टपावर मोहफुलांचे पोते असते. मला ते नेत नाहीत, कारण तो रस्ता मला झेपणार नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

तुमच्या घरीही एखादे यंत्र असेल. पाण्याचा पंप असेल, धान मळायची मशीन असेल, बाबांची मोटारसायकल असेल. त्याला कामाला लावा, जोरात पळवा, आमची काही हरकत नाही. त्यासाठीच आम्ही घडलो आहोत. फक्त सुरुवातीला थोडे उबदार होऊ द्या, मध्ये काही वाजले तर ऐका. आणि धाव संपली की लगेच पाठ फिरवून निघून जाऊ नका. आमच्याजवळ थोडा वेळ बसा.